उपाशीपोटी

पहाटे साडेपाच. वाल्पाराइसोच्या बंदरावर धुकं,
क्रेनचे दिवे अजून पिवळे.
स्वयंपाकघरात मेणकापडावर हात ठेवून
मी बोट टोचतो. एक थेंब.
एकशे नऊ.

काल झोपताना एकशे एक होती.
मग रात्रीतून उठून खाल्लं कोणी?
एर्सिलिया म्हणते, माझ्याकडे बघू नका, पाव मोजून ठेवलेत.
दवाखान्यातली यास्ना नर्स हसली.
"तुमचं यकृत, एलियोदोरो.
तुमच्याआधी उठतं, दिवसाचा शिधा काढून ठेवतं.
मनाचं चांगलं आहे, फक्त हात सढळ."

मधुमेह नाही, म्हणाली. त्याच्या उंबरठ्यावर आहात.
उंबरठ्यावर बसून काय करतात माणसं?
रस्ता बघतात.

एकतीस वर्षं मी टेकडीवरची तारेची गाडी चालवली.
लाकडी डबे दोन. एक उतरायचा,
त्याच्याच वजनावर दुसरा चढायचा.
चढउताराला भिण्याचं मला खरं तर कारण नव्हतं.
तरी भ्यालो.
बाल्दोमेरोही म्हणायचा, थोडीशीच साखर आहे,
अंगठा जाईपर्यंत.

पहिला आठवडा मी आकड्यांची उलटतपासणी घेतली.
मार्राकेता पाव, लोणी लावून: एकशे बहात्तर.
तोच पाव, आधी अंडी खाऊन: एकशे अठ्ठेचाळीस.
भाऊ फोनवर घराच्या वाटणीचं बोलला,
पोटात कॉफीसुद्धा नव्हती: एकशे एकतीस.
भांडणातही साखर असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सर्दी झाली, चढली. गाढ झोपलो, उतरली.
बुधवारी एकाच बोटातून, एकाच मिनिटात,
एकशे सतरा आणि एकशे चोवीस.
म्हणजे यंत्रालाही स्वतःचं मत असतं.

यास्नाने माझ्या वहीत रेघ ओढली,
आमच्या गावासारखीच, टेकडीला टेकडी लागून.
चढ सगळ्यांच्या रक्तात असतो, म्हणाली, माझ्याही.
बघायचं ते हे, किती उंच, आणि उतरायला किती वेळ.
बाई, हे आधी नाही का सांगायचं?
डबा वर गेला म्हणून मी कधी घंटा बडवली नाही.
वरच अडकला, तरच.

आता दुपारचं जेवण झालं की पायऱ्या धरतो,
एकशे चौसष्ट, माझ्याच जुन्या रुळांच्या कडेने.
तिकीटखिडकीतला पोरगा ओरडतो,
"आजोबा, तुम्हाला फुकट आहे की!"
मी नुसता हात हलवतो. दम बोलू देत नाही.

घरी येऊन बोट पुढे करतो.
एकशे चौतीस.
चांगलं की वाईट, एर्सिलिया विचारते.
उतरतेय, मी म्हणतो.
संध्याकाळच्या चहाला ती अर्धा पाव माझ्याकडे सरकवते,
उरलेला फडक्यात गुंडाळते,
आणि गाठ
जरा जास्तच घट्ट मारते.