कोपऱ्याची त्रिज्या

चिरेचा फोटो आधी आला,
मागून साळुबाचा आवाज:
"मॅडम, डावीकडून कुरकुर करायलीय कालपासून.
म्या म्हणलं रबर असंल. रबर न्हाई."

फोटोत ब्रॅकेट होतं. माझं.
म्हणजे कंपनीचं, पण कोपरा माझा,
वाळूजच्या दुसऱ्या मजल्यावर
एसी बंद पडलेल्या मे महिन्यात
मी माऊसनं वाकवलेला.
चीर केसाएवढी. वेल्ड संपतो तिथून निघून
बोल्टच्या भोकाकडे चाललेली,
कसलीच घाई नसल्यासारखी.

स्क्रीनवर तो कधी लाल झाला नव्हता.
निळा, हिरवा, कडेला जरासा पिवळा,
आणि तो पिवळा पाहून
मी डबा खायला गेले होते.

"फोटोवर मी सही करत नाही," तौर सर म्हणाले. "जाऊन बघ."

पाचोडच्या पुढं, रसवंतीशेजारच्या गॅरेजात
टेम्पो जॅकवर.
हौद्यात वाळूची चौतीस पोती, कागदावर होती तेवढीच.
मी मोजली. साळुबा हसला.
"धंदा करणारा चौतीसवर थांबंल का?
वर सरकीची चार टाकील,
अन् त्याच्यावर मेव्हणा बसंल."

मुनीरमामू गाडीखालून सरपटत बाहेर आले,
अंगठ्याचं नख अजून चिरेच्या मापात धरलेलं.
"इत्ता कडक कायकू बनाये?"
मी म्हटलं, साडेचारचा पत्रा, मामू. सेफ्टीसाठी.
ते काही बोलले नाहीत.
मागून जुन्या कमानीचा एक सुटा पाटा आणला,
दोन टोकं दोन विटांवर ठेवली
आणि त्यावर उभे राहिले.
पाटा खाली गेला. मामू खाली गेले.
पाटा वर आला. मामू वर आले.
एवढंच. मग चहा मागवला.

परतताना मी पुढं बसले, साळुबाच्या शेजारी.
रस्ता सपाट दिसतो. नाही.
खाली काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते,
आणि डांबर तिच्यावर
झोपलेल्या पोरावर टाकलेल्या चादरीसारखं.
पोर कूस बदलतं.
आधी पुढचं चाक डोलतं, मग मागचं, मग माझी मान.
मी वर्षभर खड्डे मोजत होते.
ही सावकाश लाट कुणी मोजलीच नव्हती,
जिच्यात डावं चाक वर असतं तेव्हा उजवं खाली,
आणि चासी पिळली जाते
ओल्या लुगड्यासारखी, थोडी थोडी, दिवसभर.
सगळी गाडी वळत होती.
एकटा माझा कोपरा ताठ उभा होता,
दहावीला पहिला आलेल्या मुलासारखा.

रात्री फाईल उघडली.
त्रिज्या पाचची अठरा केली.
पत्रा साडेचारचा साडेतीन.
वेल्ड कडेच्या बारा मिलिमीटर अलीकडेच थांबवला.
वजन दोनशे दहा ग्रॅमनं उतरलं;
पर्चेसवाल्यांनी पेढे आणले, त्याचा मला रागच आला.

ड्रॉईंगच्या कोपऱ्यात चौकट असते.
काढलं: मी. तपासलं: तौर.
मंजूर: पुण्यातलं कुणीतरी, ज्यानं पाचोड पाहिलेलं नाही.
'बदलाचं कारण' या रकान्यात
चार शब्द मावतील एवढी जागा.
विटा, पाटा, मामू तिथं बसेनात.
लिहिलं: ताठपणा कमी केला.

सहा आठवडे काही नाही.
मग काल दुपारी साळुबा:
"डावीकडची गेली बघा, मॅडम. एकदम गप.
आता उजवीकडून यायलीय,
बारीक. मागून कुठूनतरी."

मी खुर्ची ओढली, फोन कानाला घट्ट लावला.
रेडिओ बंद कर, म्हटलं. काच खाली घे.
आता चालव. बोलू नको.
ऐकू दे.