चारचौघांसारखा

मुशियाच्या मासळीच्या लिलावघरात
पहाटे प्रिंटर बंद पडला,
म्हणून दोसिंदानं जाड निबाचं पेन उचललं.
कायदाच आहे, प्रत्येक खोक्यावर लॅटिन नाव हवं:
ऑक्टोपस व्हल्गारिस. ऑक्टोपस व्हल्गारिस.
एकसष्ट खोकी.

पुतण्या खिदळला, व्हल्गर!
तिला त्याचं काही नवल नव्हतं.
तपासनीस उशीओनं मागेच सांगितलं होतं:
शिवी नाही ती. व्हल्गुस म्हणजे लोक, गर्दी.
गर्दीत सापडतो तो व्हल्गारिस.

मी त्याला मराठीत म्हणेन चारचौघांसारखा,
आणि मग हात मोजत बसेन:
चार नि चार, बरोबर आठ.

विशेषण हट्टी आहे.
नर असो, मादी असो, व्हल्गारिसच,
आपल्या 'लाल'सारखं, ज्याला लिंग चिकटत नाही.
फक्त नपुंसकलिंगी सातूपुढे
शेपूट थोडं आखडून व्हल्गारे होतं.

मग ती तीन काळजं?
ते निळं रक्त?
आणि ती मादी, कपारीत अंड्यांवर पाणी फुंकत
आठवडेच्या आठवडे उपाशी बसणारी,
पिल्लं सुटली की मरून जाणारी?
यांतलं काहीच नावात आलं नाही.
नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
मध्ये एका टिंबाचं अंतर.

दोसिंदाची आई, एउदोसिया, जत्रेत
तांब्याच्या हंड्यात त्याला तीनदा बुडवून काढायची,
चौथ्यांदा सोडून द्यायची.
घाबरवते म्हणायची त्याला, म्हणजे साल सुटत नाही.
पोरीला वाटायचं,
एकेका काळजाला एकेकदा सांगावं लागत असेल.

अठ्ठावन्नाव्या खोक्यातला अजून जिवंत होता.
एक हात कडेवरून आला,
ओल्या शाईवर टेकला,
काहीतरी वाचल्यासारखा पुढे सरकला.
व्हल्गा, एवढंच उरलं,
आणि पुढे गोल गोल ठसे,
लहान होत गेलेली शून्यं.

"हे कुणाला वाचता येणार?" लिलाववाला ओरडला.
तिनं दुसरा कागद घेतला,
पहिला घडी करून एप्रनच्या खिशात घातला,
आणि पुन्हा तेच लिहिलं,
अक्षर या वेळी जरा सावकाश.

किलोला बारा युरो नव्वद.
गेला.
चारचौघांसारखाच.