खांब क्रमांक चारशे सतरा

इंजिन बंद केलं की आधी काचा धुरकटतात,
मग बोटं गारठतात.
बाबा म्हणतात, दार उघडू नकोस, मार्लिस.
गाडीला ते घाबरत नाहीत,
माणसाच्या पायांना घाबरतात.
खिडकी वीतभर खाली, काठावर राजम्याची पिशवी,
पिशवीवर लेन्स.
उणे अठरा. मिशन डोंगर अजून निळेच
आणि कालव्यापलीकडे, रात्रीच्या बर्फावर,
उंदरांनी धावदोरा घातलाय.

ह्या रस्त्यावरचा एकेक खांब बाबांनी रोवलेला.
चौतीस वर्षं वीज सहकारी संस्थेत,
कमरेला पट्टा, बुटांना काटे.
अजूनही पक्ष्याचा पत्ता ते आकड्यानेच सांगतात:
चारशे बारावर ती काळी मादी,
चारशे सतरावर तो,
ध्रुवाकडून आलेला,
बोटांपर्यंत पिसांचे मोजे घातलेला.

चारशे सतरावरच एका वर्षी एक जळाला होता.
दोन तारांना दोन पंख.
अर्धा तास सगळा रोनन अंधारात,
आणि बाबांनी त्याला कोटात गुंडाळून घरी आणलं.
आईने काही न बोलता फ्रीझरमधले मटार सरकवले.
वनखात्याचा माणूस येईपर्यंत
नऊ दिवस तो तिथे होता.
पुढच्या शनिवारी, कोणी सांगितलं नसताना,
त्यांनी त्या खांबाला आडवी फळी ठोकली,
तारांहून दोन हात उंच.
कॅमेरा त्याच हिवाळ्यात आला.

आता बाबांच्या नजरेचा मधला भाग गेलाय.
डॉक्टरीण म्हणाली, कडा राहतील.
म्हणजे ससाणा बघायचा तर
ससाण्याच्या शेजारी बघायचं.
माझा चेहरा बघायचा तर माझ्या कानाकडे.
थँक्सगिव्हिंगपासून ते माझ्या कानाशी बोलतात
आणि मी मान वळवत नाही.

"बसलाय?"
बसलाय.
"तोंड?"
वाऱ्याकडे.
"शेपूट उचलली की सांग."
कारण उडण्याआधी ते हलके होतात.
पांढरी पिचकारी, मग दोन आकडे मोजण्याइतका वेळ.
एवढंच शास्त्र.
चर्चच्या कॅलेंडरसाठी फोटो मागणाऱ्या बायकांना
बाबांनी हे कधी सांगितलं नाही.

उचलली, म्हणते मी.
खटखटखटखट.
तो निघतो, मनगटांवरचे काळे डाग दाखवत,
आणि शेतावर, वाऱ्यात, एका जागी थांबतो
खाली बघत,
किल्ल्या हरवल्यासारखा.

घरी मी फोटो मोठे करून बघते.
एकशे नऊ.
मधोमध खांब, नाहीतर नुसतं आभाळ,
आणि पार कोपऱ्यात कापला गेलेला
एक पंख. काहींत तोही नाही.

"कसे आलेत?"
ते कपात बोट बुडवून कॉफी ओततायत.
चारशे सतरा अगदी स्वच्छ आलाय, म्हणते मी.
"आकडा वाचता येतो?"
येतो. सातचा एक खिळासुद्धा दिसतो, वाकडा.
"तो वाकडाच गेला," म्हणतात बाबा
माझ्या कानाला.
"खिळा धरायला हातमोजा काढावा लागतो."