सामाईक गडगा

जागा ठरवायला फार विचार लागला नाही.
कलमांच्या बागेतला सगळ्यात नापीक कोपरा तोच,
कातळ वर आलेला, हापूसही जिथे रुसून बसतो.
वेंगुर्ल्याच्या अंगाने येणारा वारा
मिठाचा हात फिरवतो आणि पान करपतं.

पहिला खड्डा बांगडीसाठी.
(मासळीच्या टोपलीत झोपलेली मिळाली, म्हणून बांगडी.)
पहार जांभ्यावर आपटली. दीड हातावर दगड,
त्याखाली जाईना.
फिलोमीन तिच्या परड्यातून बघत होती. म्हणाली,
"तुमका पुरूची सवय नाय, म्हणान सांगतंय,
वर चिरे ठेव. नायतर कोल्हो उकरतलो."
चिरे ठेवले. फटीत तिनेच दिलेला लिलीचा कांदा.
एवढंच. बाग वगैरे डोक्यात नव्हतं.

दुसरा कंडक्टर.
सकाळी साडेसहाला वस्तीची एस.टी. निघायची,
तिला तिठ्यापर्यंत सोडायला जायचा
आणि दोनदा भुंकायचा, डबल बेल दिल्यासारखा.
गेला तो एस.टी.खाली नाही,
गोव्याकडे निघालेल्या कुणाच्या तरी मोटारीखाली.
वाहक पेंडुरकर रजेच्या दिवशी आला,
तिकिटं पाडायचा जुना चिमटा मातीत ठेवला.
"आता मशीन आलंय," एवढंच म्हणाला.
त्याच्यावर कोरांटी लावली. काटे असावेत थोडे,
तो काही सगळ्यांशी गोड नव्हता.

कलमं बांधणं हा माझा धंदा.
खुंटावर काडी बसवायची, पट्टी गुंडाळायची.
दोन जखमा एकमेकींना लावल्या की जीव धरतात
हे हजारदा बघितलंय.
एकट्या जखमेचं काय करायचं
ते मला कुणी शिकवलं नाही.

"कुत्र्यांक समाधी? मगे सातबाऱ्यार नावां पण लाय तेंची."
हे माझा थोरला भाऊ गुणाजी बोलला,
माझ्याशी नव्हे, हवेशी. आमचं बोलणं बंद.
चौदा वर्षं. तीन गुंठे आणि एक फणस.
गडगा घातला, पायवाट मोडली,
विहिरीचे वार वाटून घेतले.

फक्त एकाने वाटणी मान्य केली नाही.
सकाळची पेज माझ्या पडवीत,
रात्री माशाचं डोकं त्याच्याकडे.
इकडे तो खजूर. तिकडे बाजी.
दोन्ही नावांना कान टवकारायचा.
गडग्यावरचा एक चिरा
त्याच्या पोटाने घासून गुळगुळीत झाला.

भाद्रपदात गेला, बरोबर त्या चिऱ्याखाली.
डोकं माझ्या हद्दीत, शेपूट त्याच्या.
मी पहार घेऊन गेलो, तर गुणाजी घमेलं घेऊन उभा.
खणताना "सरक" आणि "धर", एवढेच शब्द.
पाटीवर नाव कुठलं, यावर दोघेही गप्प.
पाटी कोरीच आहे. पावसात शेवाळ धरते, उन्हात सोडते.
बोलणं अजून बंद.
पण त्याचा विहिरीचा वार असला
की कोपऱ्यातली रोपं ओली दिसतात,
अगदी मुळाशी, भांडं हळू कलंडल्यासारखी.

शेवटच्या जागेत कुणीच नाही.
चिमणीला बिबट्याने नेलं, मार्गशीर्षात, पडवीतून.
मिळाला तो पट्टा, घुंगरू एक कमी.
इंदुमती म्हणाली, पट्टा पुरू नका, खुंटीला राहू दे.
म्हणून खाली नुसती माती, पातेरा, चुलीतली राख.
आणि अबोली अशी माजलीय तिथे
की वाडीतल्या बायका मागून नेतात, देवीच्या वेणीला.
मी देतो. कुठली ते सांगत नाही.

तिन्हीसांजेला बेडं लावताना
पहिला बांबू सरकवतो, दुसरा सरकवतो,
तिसरा हातात धरून थोडा थांबतो.
खाली गाज असते. कलमांत वटवाघळं सुरू झालेली.
कुणी मागे राहिलं असेल, या सवयीने
वाटेकडे बघतो.
मग सरकवतो तोही.