आतला शेवट

बोट सोळा फुटी, फायबरची, दुसऱ्या हाताची.
नाळेवर आधीच्या मालकाने रंगवलेलं नाव
मी खरवडलं, नवं अजून सुचलेलं नाही.
तीस वर्षं कुडाळच्या शाखेत बेरजा जुळवल्या,
मग स्वेच्छानिवृत्ती, आणि देवबागेत ही.
बायको म्हणाली, पोहता तरी येतं का?
येतं.
विहिरीत.

नोव्हेंबरातली सकाळ, मतलई पडलेली,
ओहोटीबरोबर कर्ली संगमातून बाहेर निघालेली.
मावसभाऊ, त्याची मुलं, घावण्यांचा डबा.
मी उभा राहिलो ऐटीत
आणि गोफण भिरकवावी तसा नांगर फेकला.
वेटोळं उलगडत दोर सरसर निघाला,
मुलांनी टाळ्या वाजवल्या,
मी मोठ्याने मोजत होतो: चार वाव, सात, दहा...
मग एक पिवळं टोक
कठड्यावरून उडी मारून गेलं,
पालीचं तुटलेलं शेपूट वळवळतं तसं
पाण्यावर क्षणभर,
आणि नाही.

धाकट्याने विचारलं, काका, ते परत कसं येतं?

इंजिनाने अब्रू राखली. किनाऱ्यावर जोविता होती,
एकोणीस वर्षांची, बापाच्या डॉल्फिनवाल्या होडीची
तिकिटं फाडणारी. तिने सगळं पाहिलं होतं.
हसली नाही. तेच जास्त लागलं.
"नांगर टाकूचो नसता, सोडूचो असता," ती म्हणाली,
"आणि आदी आतलो शेवट बांधूचो.
तुमी बँकेत होतास मां? दोनय बाजू जुळाक नको?"

तेव्हापासून आधी आत.
फळीखालच्या कडीतून दोर ओवायचा, गाठ मारायची,
ओढून बघायची, पुन्हा ओढून बघायची,
जशी तिजोरीची मूठ बघत असू, किल्ल्या खिशात असूनही.
शॅकलच्या खिळ्याला तांब्याची तार.
साखळी पुढे, दोर मागे, खोलीच्या पाचपट.
क्लीटला आधी एक पुरता वेढा,
मग आठाचा आकडा, मग आणखी एक,
शेवटचा फास उलटा, स्वतःच्याच खाली दाबलेला.
माझे आकडे इतके देखणे
खतावणीतही कधी आले नव्हते.

आणि एक गोष्ट तिने बोलून नाही, करून दाखवली:
ताणलेल्या दोरावर तीन बोटं ठेवायची,
वैद्य नाडीवर ठेवतो तशी,
आणि गप्प राहायचं.
नांगर फरफटत असेल तर दोर गुरगुरतो,
वाळूत रुतला असेल तर नुसता श्वास घेतो.
खडक असेल तर ठणका.
मी डोळे मिटले. सहा वाव खालची जमीन
माझ्या बोटांशी आली.
इतक्या जवळून मी कुणाचं काही
ऐकलं नव्हतं बहुतेक.
बायकोचंसुद्धा.

उधाणाच्या रात्री आता झोप मोडते.
बॅटरी घेऊन खाडीकडे जातो,
चर्चचा क्रूस आणि वाकडा माड एका रेषेत धरतो.
रेष हलली नसेल तर बोट हलली नाही.
कधी बायकोही येते, शाल गुंडाळून,
एक डोळा मिटून क्रूस शोधते,
म्हणते, माड हलतोय, तुमची बोट नव्हे.

शिमग्याच्या आधी, सुकतीला,
जोविताच्या बापाच्या होडीत एक नांगर दिसला.
एक फाळ वाकलेला, दांड्यावर हिरवा रंग,
जो मीच लावला होता, अंगणात, वर्तमानपत्र पसरून.
जाळ्यात आला असणार.
मी बोट दाखवणार होतो. तोंडही उघडलं होतं.
मग नजर दोरावरून आत आत गेली:
तोच पिवळा दोर, फळीखाली, कडीत,
दुहेरी गाठ,
सुटं टोक सुतळीने गुंडाळून शिवलेलं.

"काय बघतास?" जोविताने विचारलं.
म्हटलं, काही नाही, गाठ बघतोय.
"बरी आसा मां?"
बरी आहे.