दहा मिनिटं

दहा मिनिटं चालतो. मग खोकतो,
आवाज पातळ होत जातो
ताकात पाणी वाढवत गेल्यासारखा,
आणि ग्रासकटर हातातच बंद.

जरा टेकावं जांभ्याच्या गडग्यावर,
पाणी प्यावं, मानेवरचा कचरा झाडावा,
दोरी ओढली की पुन्हा सुरू,
जसं काही झालंच नव्हतं.
पुन्हा दहा मिनिटं.

हिंदळ्याच्या सड्यावर साडेतीनशे कलमं
आणि गवत माझ्या कमरेच्या वर.
तोरस्करांना बेणणी दिवाळीच्या आत हवी.
तासाचा दर ठरलाय,
बंद पडलेल्या तासाचा नाही.

प्लग काढला. काळा, ओला.
पॉलिश पेपर मारला, ठिणगी निळी पडली.
फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन
दोरीवर पोलक्याशेजारी वाळत घातला.
गेल्या वर्षीचं पेट्रोल ओतून नवं भरलं,
ऑइल बाटलीच्या बुचाने मोजून.
जेटमधून तांब्याची तार फिरवली.
दीर म्हणाला, बायकांच्या हाताला मशीन लागत नाही.
त्याच्या हातातही दहाच मिनिटं चालला.

शेवटी मिठबांव तिठ्यावर, पास्कूकडे.
पास्कू होड्यांची इंजिनं करतो,
त्याने पाना उचललाच नाही.
"रेस देत रव," म्हणाला,
आणि न पेटवलेली विडी ओठात धरून
डोळे मिटून ऐकत बसला.
खोकला सुरू झाला तसं
दोन बोटांनी टाकीचं झाकण
अर्धा आटा सैल केलं.
स्स्स्.
आणि आवाज भरला, तिठ्यावरची कुत्री उठली.

"गे शेवंते, तेका वारो खंयसून गावतलो?
पेट्रोल भायर पडता,
त्याच्या जाग्यार कायतरी आत येवक नको?"

झाकणातल्या टाचणीएवढ्या भोकावर
कुंभारीण माशीने बूच बसवलं होतं,
बोटाने लिंपल्यासारखं गुळगुळीत.
खराट्याचा हीर मोडून त्याने ते उकरलं.
माती आमच्या सड्याची तांबडी नव्हती,
करडी होती, खाडीची.
एवढ्याशा तोंडातून
किती खेपा केल्या असतील बाईने.

पैसे विचारले.
"हिराचे कसले पैशे घेव?"

आज संध्याकाळपर्यंत चाळीस कलमं मोकळी झाली.
कटर एकदाही थांबला नाही
म्हणून मीही नाही.
जेवताना घास अजून थरथरतोय हातात.

आडवी झाल्यावर कबूल करते,
त्या गडग्यावरची सावली चांगली होती.