चौथी सुई

उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो,
नुसत्या आवाजावरनं बेअरिंग गेलेलं ओळखायचो.
आणि हे दीड हाताचं पांढरं मशीन
पेडलला अंगठा लागला की उधळतं
गंगावेशीतल्या म्हशीगत.

शालन कॉटवर बसून बघते.
तिच्या बोटांची पेरं आता वळत नाहीत.
"कापड ओढू नका," म्हणते,
"ते आपणहून जातंय."

मी ओढतो. सुई मोडते.
दुसरी. तिसरी.
चौथीला दाबाचा स्क्रू अर्धा आटा सैल केला,
तेवढं मला कळतं,
आणि वाकळीचे पदर मुकाट सरकले:
तिचं इरकली लुगडं, पोराची शाळेची खाकी,
माझा निळा शर्ट, खिशाशी
ग्रीसचा डाग,
घासून घासून तिचे हात गेले, तो नाही गेला.

टाका नेमका डागावरनं तिरका पडला.
उसवू का, विचारलं.
ती उठून आली, चष्मा कपाळावर सारला,
तळव्यानं शिवण चाचपली
मी जॉब तपासायचो तशी.

"ऱ्हाऊ दे. पायाला कळाय लागलंय."

मग मोडक्या तीन सुयांचे पैसे
भिशीच्या वहीत
माझ्या नावावर लिहायला सांगितले.